बनसोडे काकांचं फिरतं पाणी

आमच्या शेजारचे बनसोडे काका कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीवर बसत नाहीत. आधी मोरीत जातात, नळाच्या पाईपला कान लावतात आणि डोळे मिटून उभे राहतात. गल्लीला आता सवय झाली आहे, पण घरात नवी सून असेल तर ती घाबरते. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, अगं, त्यांना चक्कर आली का बघ. चक्कर वगैरे काही नव्हती. काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "सिस्टर, तुमच्या लाईनीत एअर धरलीय. गच्चीवरचा कॉक जरा ढिला करा." केला, आणि सहा महिने फुरफुरणारा नळ मुकाट्यानं वाहायला लागला.

गेल्या श्रावणात त्यांनी माझा जुना स्टेथोस्कोप मागून नेला. मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या छातीत काही होत असेल. धाप लागते का, डावा हात दुखतो का, अशी सगळी चौकशी केली. तर म्हणाले, छातीला काय धाड भरलीय, पाईपाच्या एल्बोतनं बारीक आवाज येतोय, तो कुठल्या बाजूचा हाय ते बघायचंय. त्या दिवसापासून ते गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून परसात फिरायला लागले. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या त्यांना गुडघेदुखीचं औषध विचारून गेल्या, आणि त्यांनी ते सांगितलंही म्हणे.

काका आमच्या भूम गावच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. ज्यांच्या गावात चोवीस तास पाणी येतं त्यांना हा हुद्दा कळायचा नाही. आमच्याकडे नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. ते कुठल्या गल्लीला कधी आणि किती वेळ यायचं, हे ज्याच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर ठरतं तो व्हॉल्व्हमन. गावात आमदार आला तर लोक नमस्कार करतात, पण व्हॉल्व्हमन दिसला तर आधी घागरी घेऊन पळतात आणि नमस्कार मागाहून करतात.

तीस वर्षं हे काम केल्यामुळे काकांना माणसंही पाईपासारखीच दिसतात. बडबड्या माणसाचं पॅकिंग गेलेलं असतं. हट्टाला पेटलेल्या माणसाच्या डोक्यात एअर धरलेली असते. आमच्या दवाखान्यातले एक डॉक्टर फार हळू बोलतात, त्यांना प्रेशर नाही. आणि कुठल्याही भांडणाचा, लग्नाचा, निवडणुकीचा विषय निघाला की काका शेवटी मान हलवून एकच वाक्य म्हणतात, "सगळा लेव्हलचा खेळ हाय."

आता कुणालाही वाटेल, व्हॉल्व्हमनच्या गल्लीत पाण्याची चंगळ असणार. तसं मुळीच नव्हतं. आमची गल्ली चढावर, लाईनीच्या अगदी शेपटाला. काका आम्हाला सगळ्यांत शेवटी पाणी सोडत. गावाचं भागल्यावर टाकीत जे उरेल ते आमचं. एकदा चहाच्या टपरीवर कुणीतरी बोललं, की बनसोडे स्वतःच्या गल्लीला जास्त पाणी सोडतो. ते काकांच्या कानावर गेलं आणि पुढच्या पाळीपासून त्यांनी आमची दहा मिनिटं आणखी कमी केली. गल्लीतल्या बायका त्यांच्या दारात जाऊन नको नको ते बोलून आल्या. ऐकायला काका घरी नसतच, ते दुसऱ्या गल्लीत चावी फिरवत असत. ऐकून घ्यायचं त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी. त्यांच्याही घागरी तेवढ्याच रिकाम्या असायच्या, हे कुणाच्या लक्षात येत नसे.

मीच एकदा तणतणत जाऊन काकांना विचारलं, की असा कसला हा न्याय. त्यांनी मला खाली बसवलं आणि शांतपणे म्हणाले, "सिस्टर, माझ्या आज्याला गावच्या हिरीला हात लावू देत नव्हते. वंजळ करून बसायचं, वरनं कुणी वतलं तर प्यायचं. त्याच्या नातवाच्या हातात गावानं पाण्याची चावी दिलीय. मापात पाप झालं तर आज्याला काय तोंड दावू?"

 मी घरी आले. पण घागर रिकामी ती रिकामीच, त्यामुळे राग सगळा गेला असं काही मी म्हणणार नाही.

सुमनकाकूंचं सगळं आयुष्य त्या उरलेल्या पाण्याची वाट बघण्यात गेलं. पाणी कधी येईल याचा नेम नसे. त्यामुळे काकू लग्नाला गेल्या तरी अक्षता टाकून परत, माहेरी गेल्या तरी दुसऱ्या दिवशी परत. पाणी येऊन गेलं आणि घरात कुणी नसलं तर पुढचे आठ दिवस काय करायचं? त्यांचं माहेर नळदुर्गचं. घर किल्ल्याच्या अंगाला. पावसाळ्यात नदी भरली की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं, त्याचा आवाज त्यांच्या स्वयंपाकघरात यायचा. काकांचं लग्न भर पावसाळ्यात झालं, कारण त्यांच्यात मुहूर्त बघत नाहीत. काका सांगतात, सासरे काय काय बोलले ते त्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही, आपण सगळ्याला व्हय म्हणालो.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या मुलाला मूल व्हायचं होतं. काकू सुनेच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी गेल्या. चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन आला, तो मी काकांच्या ओट्यावर बसून ऐकला. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. हात ओले असतात असं कारण सांगतात, हात कोरडे असले तरी. काकू मोठ्या कौतुकानं सांगत होत्या, "आवं, हितं नळ सोडला की पाणी येतंय. कवाबी सोडा. आज म्या दोनदा गॅलरी धुतली."

काका "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्ध्या गल्लीला सांगितलं होतं, की सुमन गेली, आता काही ती यायची नाही. चोवीस तास पाणी बघितलेलं माणूस भूमला परत येत नसतंय, असा त्यांचा सिद्धांत. आम्ही हसलो. पण तीन महिन्यांचे सहा झाले, मग वर्ष झालं. सुनेला नोकरी, बाळाला सांभाळायला कुणी नाही. दिवाळीला काकू चार दिवस यायच्या आणि जायच्या. त्या चार दिवसांत पाण्याची पाळी आली नाही तर काका स्वतः लांबच्या हापशावरून दोन-दोन घागरी आणत, जसा काही तोच एक प्रश्न होता. काकू गेल्या की पुढचे काही दिवस ते कुणाकडे पाईपला कान लावायला सुद्धा जात नसत. एखाद्या माणसाची बायको रुसून जाते, एखाद्याची भांडून जाते. आमच्या व्हॉल्व्हमनची बायको पाण्यापायी गेली, असं गल्लीत सगळे म्हणायला लागले, आणि सगळ्यांत आधी ते काकाच म्हणाले होते.

मागच्या वर्षी काका रिटायर झाले आणि यंदा ऐन वैशाखात त्यांनी परसात खड्डा खणायला घेतला. आम्हाला वाटलं, शोषखड्डा असेल. खड्डा कमरेइतका झाला, लांबीला दोन खाटा मावतील एवढा झाला. मग भोवती गुडघ्याएवढी वीटबांधणी आली. मग एका शेतकऱ्याच्या शेततळ्यातून उरलेला काळा जाड प्लॅस्टिकचा कागद आला आणि काकांनी तो खड्ड्यात अंथरला. तेव्हा मात्र मी भिंतीवरून डोकावून विचारलं, हे काय चाललंय म्हणून.

"तळं," ते म्हणाले.

गावात टँकरच्या रांगा लागलेल्या. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. माणसाला प्यायला थेंब नाही आणि ह्यांना तळ्याचे डोहाळे लागलेत, असं त्या काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. माझा राग वेगळाच होता. डेंग्यूच्या दिवसांत मी गल्लोगल्ली फिरून लोकांना सांगते, रांजण पालथे घाला, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, आणि माझ्याच भिंतीला लागून हा मनुष्य डासांना माहेर बांधत होता. मी सरळ सांगितलं, काका, पाणी साचलं की मी नोटीस आणून तुमच्या दाराला चिकटवणार.

काकांना राग आला नाही. उलट माझी कीव आल्यासारखे हसले. "साचलं तर डास, सिस्टर. फिरलं तर कशाचे डास? आन् नवं पाणी एक तांब्या लागणार न्हाय. पत्र्यावरचं पावसाचं धरायचं आन् तेच फिरवायचं."

तिथून पुढं तीन महिने आमच्या घरी पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा वास दरवळत होता. काकांची रचना अशी होती. तळ्याच्या तळातून एक पाईप निघणार, तो शेजारच्या निळ्या ड्रममध्ये जाणार. ड्रममध्ये खाली खडी, मग विटांचे तुकडे, मग कोळसा, वर जुन्या गादीचा स्पंज आणि भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या चोथ्या, ज्या त्यांनी बाजारातून गठ्ठ्यानं आणल्या. दुकानदारानं विचारलं, की घरी एवढी भांडी किती आहेत, तर काका म्हणाले, एकटाच असतो. घाण वर अडकणार, नितळ पाणी ड्रमाच्या तळाशी छोट्या पंपाला मिळणार, आणि पंप ते उचलून दगडांच्या ढिगावर नेऊन सोडणार. तिथून ते परत तळ्यात पडणार. नुसतं सांगायला हे पाच वाक्यांत होतं. पण काकांची पद्धत म्हणजे, आधी सगळं कोरडं जोडून बघायचं, सोल्युशन नंतर. आठ दिवस ते पाईप जोडत आणि उपसत होते. प्रत्येक जोडाला टेप किती वेढे, यावर माझ्याशी चर्चा. मी रात्रपाळी करून आलेली, डोळे मिटताहेत, आणि काका मला पाईपचं टोक धरून उभं करत. "हलू नका. तुमचं-माझं काम एकच हाय सिस्टर. तुम्ही माणसाला नळी लावता, म्या गावाला लावली."

तळ्याच्या एका कोपऱ्याला त्यांनी शहाबादी फरशीचा छोटासा कट्टा बांधला. जेमतेम एका माणसाचा. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही बसून पाय बुडवणार तर. तर म्हणाले, म्या कशाला बसतोय, मला उभ्यानंच बरं वाटतंय.

पावसानं तळं भरलं. दवाखान्यातून मी गप्पी मासे आणून सोडले, डासांच्या अळ्या खातात ते. पंप चालू झाला. पाणी खरंच आरशासारखं झालं, तळाचा काळा कागद दिसायला लागला. सासूबाई सुद्धा भिंतीजवळ उभं राहून बघायला लागल्या, पण नाक मुरडूनच.

आणि मग भादव्यात ते घडलं. सासूबाईंनी गावाकडून आलेला वर्षाचा मूग आमच्या अंगणात ताडपत्रीवर वाळत घातला होता. काका स्टँडवर गेले होते, पुण्याच्या गाडीत काकूंसाठी ज्वारीच्या पिठाची पिशवी द्यायला. ही पिशवी महिन्यातून एकदा जायचीच. इकडे लाईट गेली. पंप थांबला. आणि तळ्याचं पाणी काही थांबेना. ते आपलं पाईपातून ड्रममध्ये येत राहिलं, ड्रम भरला, काठावरून वाहिला, पाणी भिंतीच्या मोरीतून आमच्या अंगणात आलं आणि मुगात शिरलं. मी दवाखान्यातून आले तेव्हा सासूबाई ताडपत्रीच्या कडा वर धरून एकट्या उभ्या होत्या आणि मूग पाण्यात तरंगत होता.

दुसऱ्या दिवशी मुगाला मोड आले. एवढ्या मोड आलेल्या मुगाचं करायचं काय? सासूबाईंनी आठवडाभर मोठ्या पातेल्यात उसळ केली आणि घराघरात वाटली. पोरं उसळ बघून पळायला लागली. काकांनी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मान खाली घालून ती उसळ खाल्ली, शिक्षा भोगावी तशी.

पण मला एक कोडं पडलं होतं. ड्रमाचा काठ तळ्याच्या पाण्यापेक्षा खाली असला की पंप थांबताच ड्रम उतू जाणार, हे आता मलाही कळलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर लेव्हल लेव्हल केलं, पारदर्शक नळीत पाणी भरून एकेक वीट मापली, त्याच्या हे लक्षात कसं आलं नाही? मी विचारलं. काकांनी स्पंज पिळून ड्रमावर ठेवला. मग म्हणाले, ड्रम आधी बरोबर उंचीवरच होता, पण तो निळा रंग डोळ्यात भरत होता, म्हणून हातभर जमिनीत पुरला.

"कुणाच्या डोळ्यात भरत होता? तुमच्याशिवाय इथं आहे कोण?"

काकांनी कट्ट्याकडे बोट केलं. तिथं बसलं की समोर बरोबर ड्रम येत होता.

कट्टा काकूंसाठी होता, हे मला एकदम लख्ख कळलं, आणि मुगाचा राग त्या क्षणी गेला. पुढच्या रविवारी मी स्वतः ड्रम उचलायला हात लावला. तो परत उंचीवर ठेवला, आणि आडोसा म्हणून समोर आमच्या मोरीजवळची कर्दळ उपटून लावली.

त्यानंतर काकांनी काकूंना तळ्याची बातमी दिली. बातमी दिली म्हणजे काय, फोन पडणाऱ्या पाण्याजवळ धरला आणि म्हणाले, ऐक. पलीकडून काकूंनी विचारलं, कुणी भांडी घासतंय का? काकांचा चेहरा पडला. मग त्यांनी सांगितलं, की हे तळं आहे, आपल्या परसात आहे, आणि हा तुझ्या नळदुर्गचा आवाज आहे.  काकू म्हणाल्या, नळदुर्गचा असा न्हाय. त्यो लांबनं येतोय.

झालं, काकांना काम मिळालं. दगडाखाली दगड, पाईपाचं तोंड चपटं करून बघ, उंची वीतभर वाढव, पाणी फरशीवर पाड, मग पत्र्यावर, मग नुसतं पाण्यात. प्रत्येक बदलानंतर पुण्याला फोन. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. काकू म्हणायच्या, लई पातळ वाटतंय. काका पाईप कापायचे. काकू म्हणायच्या, आता दाट झालं. काका पाईप जोडायचे. मधल्या वेळात जेवला का, नातवाला दाढ आली, शेजारची शेळी व्याली, असंही बोलणं व्हायचं. दोन महिने झाले, दिवाळी झाली. यंदा दिवाळीला काकू आल्या नाहीत, सुनेचे आईवडील येणार होते म्हणून. आवाज काही जमला नाही. काकांनी माझ्या स्टेथोस्कोपाची नळी झिजवली.

एका दुपारी दवाखान्यात माझ्या फोनवर काकूंचा फोन आला. आधी सासूबाईंची तब्येत विचारली, मग काका भाकरी स्वतः थापतात का विकत आणतात ते विचारलं. मग घुटमळल्या. म्हणाल्या, "सिस्टर, एक सांगते, त्यांना बोलू नका. फोनात मला सगळं पाणी सारखंच ऐकू येतंय. नुसतं खरखर."

मी म्हटलं, मग रोज पातळ काय म्हणता, दाट काय म्हणता? तो माणूस तिकडे पाईप कापून कापून थकला.

"जमलं म्हणलं की फोन बंद व्हईल," काकू म्हणाल्या. "तीस वर्षांत दिवसातनं तीनदा कधी बोललं न्हाय माझ्याशी ते. गावाला पाणी सोडायचं असायचं."

 मी म्हटलं, काकू, नातू तर आता शाळेत जायला लागला ना, मग या की घरी. त्यावर त्यांचा आवाज बदलला. नातू शाळेत जातो, मुलगा-सून कामाला जातात, आपण दिवसभर खिडकीत असतो, म्हणाल्या. पाण्यापायी राहिले असं गल्ली म्हणते ते पण ठाऊक आहे. पाण्याला काय करायचंय, गॅलरी दोनदा धुतली, तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. "पण ये असं कुणी म्हणलंय का? मी पाण्याचं सांगितलं तर नुसतं बरं म्हणाले आन् फोन ठिवला. मला वाटलं, बरं झालं असंल त्यांना, एक घागर कमी लागंल."

पेशंटचं पेशंटपाशी ठेवायचं, ही आमच्या पेशाची शिस्त. आवाजाचं गुपित मी काकांना सांगणार नव्हते. पण संध्याकाळी घरी आले, डबा सुद्धा ठेवला नाही, आणि तशीच काकांच्या परसात गेले. ते करवतीनं पाईपाचा बोटभर तुकडा कापत होते.

"काका, काकूंना घरी ये असं कधी म्हणालात का?"

करवत थांबली. 

"कुठल्या तोंडानं म्हणू सिस्टर?" ते हळू म्हणाले. "गावाला मापानं दिलं, त्याचं मला काही न्हाय. पण तिला तीस वर्षं सगळ्यांच्या शेवटी दिलं. उरलं तर दिलं. आता तिकडं तिला हवं तेवढं मिळतंय. हितं काय दावून बोलवू? म्हणून हे करतोय. हे जमलं की म्हणतो."

 मी ओरडलेच. मी म्हटलं, आत्ता म्हणा. आज म्हणाला नाहीत तर उद्या सकाळी डासाची नोटीस आणते, मासे असोत नाहीतर मगर असो.

काकांनी हात पुसले. फोन लावून स्पीकरवर कट्ट्यावर ठेवला. पाणी दगडावरून पडत होतं.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," काकू म्हणाल्या. "जरा जड पडतंय अजून."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी हाताची घडी घालून उभीच. ते फोनजवळ वाकले आणि काहीतरी बोलले, पण इतकं हळू की शेजारी उभ्या असलेल्या मलाही कळलं नाही.

"काय म्हणलाव?" काकूंनी विचारलं. "ते पाणी बंद करा आधी. त्याच्यापायी तुमचं बोलणंच ऐकू येईना."

काकांनी पडणाऱ्या पाण्याकडे बघितलं. दोन महिने ज्या आवाजासाठी त्यांनी बोटं सोलून घेतली होती, तो आवाज. मग ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. पाण्याची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली आणि थांबली. परसात एकदम इतकी शांतता झाली की पलीकडे काकूंच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक सुद्धा फोनातून ऐकू आली.

"सुमन, घरी ये," काका म्हणाले. "पाणी अजून आठ दिवसालाच येतंय. तळ्याचं मला काही जमंना. पण तू ये. मला करमत न्हाय."

 काका फोनाकडे बघत होते, मी जमिनीकडे. मग काकूंनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते," त्या म्हणाल्या. "स्टँडवर या. पिशव्या जड असतील."

"येतो," काका म्हणाले. आणखी काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण तोवर तिकडून फोन ठेवला गेला होता.  

"सिस्टर, आज वार कोणता?"

"मंगळवार."

काकांनी ओल्या बोटांवर मोजलं. बुध, गुरू, शुक्र. मग परत पहिल्यापासून मोजलं.

"लई लांब हाय की शनिवार," ते म्हणाले.